देश मोजू नका, रात्री मोजा

येत्या किंवा पुढच्या हिवाळ्यात नॉर्वे, फिनलंड, आइसलँड यांपैकी कुठे जायचं घरात चाललं असेल, तर पैसे भरण्याआधी हा लेख सगळ्यांनी मिळून वाचावा, ही कळकळीची विनंती. मी तुम्हाला अडवायला लिहीत नाही. जरूर जा. पण ऋण काढून हा सण करू नका, आणि आठ दिवसांत चार देश असल्या बेताने तर मुळीच जाऊ नका. उत्तरेच्या हिवाळ्यात माणूस जातो तो रात्रीच्या आकाशासाठी. तिथे देश मोजून काही हाती लागत नाही. रात्री मोजाव्या लागतात. माझं सांगणं एवढंच आहे. ते कसं जमवायचं, हे पुढे सविस्तर लिहितो.

शहपुऱ्यासारख्या भिटौनी स्थानकाच्या गावात बसून नॉर्वेबद्दल लिहायला कारण आहे. आपल्या जबलपूर भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणी रेल्वेत, कुणी गन कॅरेज फॅक्टरीत, कुणी खमरियात, कुणी वीज मंडळात नोकरी करून निवृत्त झालं. निवृत्तीच्या दिवशी हातात एकरकमी पैसा येतो, तोवर मुलगा किंवा मुलगी हेलसिंकीला नाहीतर ओस्लोला लागलेली असते, फोनवर हिरव्या आकाशाचे फोटो येऊ लागतात, आणि पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत ‘नॉर्दर्न लाइट्स’ हा शब्द मोठ्या अक्षरांत झळकतो. आयुष्यभर जपून वापरलेला पैसा अशा वेळी आठवडाभरात, फारसा विचार न करता, हातातून जाऊ शकतो. तो जाऊ नये म्हणून हा खटाटोप.

आकाश कुणाच्या हातात नाही

सूर्याकडून निघालेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडतात, ध्रुवांच्या बाजूला वळतात आणि शंभर किलोमीटर नि त्याहून उंचावरच्या विरळ हवेवर आदळतात. तिथला प्राणवायू हिरवा उजेड देतो, दोनशे किलोमीटरच्या वर तोच लाल दिसतो, आणि नायट्रोजनमुळे कडांना जांभळट छटा येते. हा ध्रुवीय प्रकाश, म्हणजेच नॉर्दर्न लाइट्स, वर्षभर असतो. उन्हाळ्यात तिकडे रात्रच नीट होत नाही म्हणून तो दिसत नाही, एवढंच.

या विषयाशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला आलेल्या प्रचंड सौर वादळाची फार मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली उतरल्याचं तिथल्या उपकरणांनी दाखवलं, आणि आजही जगभरचे अभ्यासक त्या वादळाचं मोजमाप करताना कुलाब्याचे आकडे घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडणार, म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर ध्रुवीय प्रकाश थेट मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. अगदी अलीकडे, १०-११ मे २०२४ च्या रात्री, लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी आकाशाची लाली टिपली.

हे सांगायचं कारण असं की, या प्रकाशाचा मालक सूर्य आहे. तो कधी मुंबईकरांना फुकट दर्शन देतो, कधी नॉर्वेतल्या ट्रोम्सोला लाखो रुपये खर्चून गेलेल्यांना ढगांखाली बसवतो. त्यामुळे ‘दर्शनाची शंभर टक्के खात्री’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच सावध व्हा. फार तर पुन्हा एकदा मोफत नेण्याची हमी कुणी देऊ शकतो, आणि तीसुद्धा लेखी घ्यावी.

‘सूर्याचा जोर आता ओसरतोय, ही दशकातली शेवटची संधी’ असंही सांगितलं जातं. सूर्याचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र असतं आणि २०२४ च्या सुमाराला ते टोकाला होतं, हे खरं. पण ट्रोम्सो, अबिस्को, इनारी ही गावं ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच वसलेली आहेत. तिथे शांत वर्षांतही हा प्रकाश दिसतो. जोराच्या वर्षांत तो दक्षिणेकडे दूरवर पसरतो, हा मुख्य फरक. म्हणजे तीन वर्षं थांबल्याने तुमचं काही हुकत नाही. घाई आहे ती विकणाऱ्याला.

आणखी एक खरी गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. फोटोतला गडद हिरवा रंग कॅमेरा काही सेकंद उजेड साठवून आणतो. डोळ्यांना पुष्कळदा आधी राखाडी, ढगासारखा पट्टाच दिसतो. प्रकाश जोरात असेल तर हिरवा रंग साध्या डोळ्यांनाही दिसतो, पडदा हलल्यासारखा हलतो, आणि ते दृश्य खरोखर जन्मभर पुरतं. पण दरवेळी तसं होत नाही, हे माहीत असलं की निराशा होत नाही.

रात्रींचा हिशेब

तिथे प्रकाशापेक्षा ढगांची अडचण मोठी. ट्रोम्सो समुद्रकाठी आहे, म्हणून तिथे ढग फार. बसवाले लोकांना रात्री शंभर-दीडशे किलोमीटर आत, फिनलंडच्या सीमेकडे नेतात, ते उघडं आकाश शोधायला. स्वीडनच्या अबिस्कोला डोंगरांचा आडोसा असल्याने तिथलं आकाश तुलनेने मोकळं मिळतं. फिनलंडचा इनारीकडचा भाग जास्त थंड आणि जास्त कोरडा आहे.

समजा, एका रात्री प्रकाश दिसण्याची शक्यता तीनात एक आहे. दोन रात्री राहिलात तर निदान एकदा दिसण्याची शक्यता शंभरात छप्पन्न, म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. पाच रात्री राहिलात तर ती शंभरात सत्याऐंशीवर जाते. हवामान असं काटेकोर गणिताने वागत नाही हे मान्य, पण कल यातून कळतो. आता तुमच्या हातातलं सहलीचं पत्रक उघडा. आठ दिवसांत कोपनहेगन, स्टॉकहोम, ओस्लो, ट्रोम्सो असं लिहिलेलं असेल, तर ट्रोम्सोच्या वाट्याला किती रात्री आल्या आहेत ते मोजा. बहुधा दोन. म्हणजे ज्यासाठी एवढा खर्च, त्यालाच सगळ्यात कमी वेळ.

यावर उपाय साधा आहे. उत्तरेकडचं एकच गाव निवडा आणि तिथे पाच-सहा रात्री मुक्काम टाका. राजधान्या उन्हाळ्यात, दिवस मोठा असताना पाहाव्यात. एका गावात राहिल्याने विमानाची दोन-तीन तिकिटं वाचतात, सामानाची ओढाताण वाचते, साठीच्या माणसाचे गुडघे वाचतात. नॉर्वेच्या हवामान खात्याचं ‘वायआर’ हे ॲप फुकट आहे. त्यावर ढगांचा अंदाज रोज पाहावा आणि मोकळ्या आकाशाचा अंदाज असेल त्या रात्रीची बस धरावी. दोनच रात्री हातात असणाऱ्याला ही निवड करताच येत नाही.

कोणत्या महिन्यात जावं

शक्य असेल तर डिसेंबर टाळा. ट्रोम्सोत नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी तीन-चार तास निळसर संधिप्रकाश असतो, मग पुन्हा काळोख. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वेदांतल्या उषःसूक्तांमधली लांबच लांब पहाट उत्तर ध्रुवाकडची असली पाहिजे, असा तर्क मांडला होता. तो सिद्धांत आजचे अभ्यासक मान्य करत नाहीत. पण तिकडची तासन्‌तास रेंगाळणारी पहाट जानेवारीत प्रत्यक्ष पाहिली की, पुण्यात बसून हा माणूस कशाचा विचार करत होता ते उमगतं. आपण तिलवारा घाटावर संक्रांतीच्या मेळ्याला जातो त्याच सुमारास ट्रोम्सोचा सूर्य परत यायला लागतो. डोंगरांमुळे शहरातून तो २१ जानेवारीच्या आसपास दिसतो, आणि त्या दिवशी तिथली शाळकरी मुलं जॅम भरलेले गोल पाव खाऊन त्याचं स्वागत करतात.

हा काळोख पाहण्यासारखा आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला, विशेषतः वयस्कर माणसाला, आठ दिवस सूर्य न दिसणं जड जातं. शिवाय नाताळच्या आठवड्यात भाडी वर्षातली सगळ्यात चढी असतात, आणि २४ ते २६ डिसेंबर नॉर्वेत दुकानं, हॉटेलं मोठ्या प्रमाणावर बंद असतात. किराणा आधी भरून ठेवला नाही, तर खरोखर उपास घडेल.

माझ्या मते निवृत्त जोडप्याने फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा तिसरा आठवडा धरावा. बर्फ टिकून असतो, दिवस दहा-बारा तासांचा झालेला असतो, रात्र पुरेशी काळी असते, आणि विषुवदिनाच्या आसपास सौर वादळांचा परिणामही थोडा वाढतो. घरात शाळकरी मुलं असतील तर मार्च म्हणजे परीक्षा. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीचा विचार करावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फ कमी मिळेल, पण रात्री काळ्या असतात आणि गर्दी कमी असते. बर्फ आणि आकाश दोन्ही एकाच फेरीत हवंच, असा हट्ट मात्र महागात पडतो.

पैसा

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. दोघांच्या सहलीला सहा लाख लागतात असं धरा. ते १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जावर तीन वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता साधारण २०,५०० रुपये येतो आणि एकूण भरणा ७ लाख ३८ हजारांच्या घरात जातो. त्याऐवजी आज आवर्ती ठेव उघडून महिन्याला १५,००० टाकलेत, तर साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत सहा लाखांच्या जवळपास रक्कम जमते. तुमच्या खिशातून गेले ५ लाख ४० हजार. म्हणजे तीच सहल, आणि जवळजवळ दोन लाखांचा फरक. कर्जावर गेलात तर फोटो जुने होतात आणि हप्ते चालूच राहतात. ‘आता जा, नंतर भरा’ ही योजना समोर आली की हा हिशेब कागदावर मांडून पाहा. ग्रॅच्युइटीला किंवा भविष्य निर्वाह निधीला हात लावायचाच असेल, तर आधी पाच वर्षांचा औषधपाण्याचा खर्च बाजूला काढा आणि मग उरलेल्याचा विचार करा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे परदेशातही तितकंच खरं.

शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. अर्ज सहा महिने आधी करता येतो. मुख्य मुक्काम ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज करायचा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेताना आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार त्यात धरला आहे का, हे वाचून घ्या. स्नोमोबाइलसारखे खेळ पुष्कळ पॉलिसींत वगळलेले असतात. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारी तिकिटं काढू नका, मग सवलत कितीही मोठी असो.

स्वालबार्ड बेटांवर जायला व्हिसा लागत नाही, असं काही जण छातीठोक सांगतात. ते अर्धसत्य आहे. भारत त्या बेटांच्या १९२० च्या करारात आहे, आणि गोव्यातल्या आपल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं ‘हिमाद्री’ हे स्थानक २००८ पासून तिथे आहे. पण तिथे पोचायला नॉर्वेतून जावं लागतं आणि तिथून परत नॉर्वेत उतरावं लागतं. त्यामुळे दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतोच. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन गेलेला माणूस परतीच्या वाटेवर अडकतो.

कंपनीमार्फत पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला कर) घेतला जातो. तो तुमच्या नावावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. दर अधूनमधून बदलतो, म्हणून त्या वर्षीचा दर विचारून घ्या आणि प्रमाणपत्र मागून घ्या.

तिकडे गेल्यावर खर्च कुठे होतो, तेही सांगतो. नॉर्वेचा एक क्रोनर म्हणजे अंदाजे आठ-नऊ रुपये. साधी कॉफी चारशेच्या आसपास पडते, हॉटेलातलं एका माणसाचं जेवण दोन हजारांच्या पुढे, आणि प्रकाश पाहायला नेणाऱ्या बसचं एकाचं भाडं हजार क्रोनरच्या पुढे. रोज दोन वेळा बाहेर जेवलात तर आठवड्याभरात एका विमान तिकिटाचे पैसे पोटात जातात. म्हणून स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घ्या. किराणा ‘किवी’ किंवा ‘रेमा १०००’ अशा स्वस्त दुकानांतून आणा. आइसलँडमध्ये ‘बोनस’ नावाची दुकानं आहेत. रविवारी नॉर्वेत मोठी दुकानं बंद असतात, ते ध्यानात ठेवा. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. आइसलँडचं ‘स्कीर’ आपल्या चक्क्यासारखं घट्ट आणि आंबूस असतं. सोबत भात आणि लोणचं असलं की शाकाहारी माणसाचं जेवण झालं.

घरून काय न्यावं, यातही गफलत होते. युरोपीय संघात आणि नॉर्वेत बाहेरच्या देशांतून मांस नि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, आणि आपल्या जबलपूरची खोव्याची जलेबी, तिन्ही घरीच ठेवा. मुलीला जलेबी कितीही आवडत असली तरी विमानतळावर ती टाकून द्यावी लागेल आणि दंडही होऊ शकतो. ताज्या भाज्या, कढीपत्ता यांनाही प्रमाणपत्राशिवाय वाट नाही, तेव्हा शहपुऱ्याचा ताजा मटारही नेता येणार नाही. तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, भाजणी, तेलातला चिवडा, मसाले एवढं पुरेसं आहे.

पैसे देताना कार्डयंत्र ‘रुपयांत की क्रोनरमध्ये’ असं विचारतं. नेहमी क्रोनर निवडा, रुपयांचा दर तोट्याचा असतो. रोख पैशाची तिथे जवळजवळ गरजच पडत नाही.

जबलपूरहून निघताना

इथे आपली अडचण वेगळी आहे आणि मुंबई-पुण्याच्या पत्रकांत ती सापडत नाही. डुमना विमानतळावरून परदेशी विमान नाही. दिल्ली किंवा मुंबई गाठावीच लागते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर धुकं असतं, गाड्या पाच-सहा तास रखडतात, विमानं रद्द होतात. देशांतर्गत आणि परदेशी तिकीट वेगवेगळं काढलं असेल, तर तुम्ही उशिरा पोचलात म्हणून परदेशी विमान थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. म्हणून दिल्लीला एक पूर्ण दिवस आधी पोचा, नाहीतर मुंबईमार्गे जा. तो एका रात्रीच्या खोलीभाड्याचा खर्च डोळे मिटून करावा. सगळी तिकिटं एकाच पीएनआरवर मिळत असतील तर थोडी महाग पडली तरी घ्या.

तिकडे रेल्वेचा विचार जरूर करा. आपण रेल्वेच्या गावची माणसं, रात्रीची गाडी आपल्याला नवीन नाही. हेलसिंकीहून रोव्हानिएमीला आणि स्टॉकहोमहून अबिस्को-नार्विकला रात्रीच्या गाड्या जातात. एका रात्रीचं हॉटेल वाचतं, आणि सकाळी खिडकीबाहेर बर्फाचं जंगल असतं. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. स्वतः गाडी चालवण्याचा मोह मात्र टाळा. हिवाळ्यात आइसलँडचे रस्ते काही तासांत बंद होतात आणि वाऱ्याने गाडीचं दार उखडतं. भाड्याच्या गाडीच्या विम्यात ते नुकसान पुष्कळदा धरलेलं नसतं.

थंडीपेक्षा घसरण वाईट

शहपुऱ्यात पारा कधी पाच-सहा अंशांवर आला की आपण शेकोटीपाशी बसतो. साहजिकच उणे तापमानाची धास्ती वाटते. पण ट्रोम्सो उबदार समुद्रप्रवाहाच्या काठी आहे, तिथे जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चार. रेक्याविकला शून्याच्या आसपास. रोव्हानिएमीला मात्र उणे दहा-बारा, आणि कधी उणे तीसही. घरं सगळीकडे उबदार असतात. कपड्यांचे तीन थर करा. अंगाला लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे आतले कपडे, मधे स्वेटर, वरून वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन नको, घाम धरून ते गार पडतं. रात्री बाहेर नेणाऱ्या बऱ्याच कंपन्या जाड पोशाख त्यांच्याकडूनच देतात. एका आठवड्यासाठी पन्नास हजारांची खरेदी करू नका. चुलत-मावस घरांत कुणाकडे तरी जाकीट पडून असतं, ते मागून घ्या.

खरा धोका पायाखाली आहे. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाची काच होते, आणि त्यावर साठीतलं माणूस पडलं की खुब्याचं हाड मोडतं. बुटांना खालून चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तिथे कुठल्याही दुकानात मिळतात. उतरल्याबरोबर पहिली खरेदी तीच करा. पावलं लहान टाका, हात खिशात घालून चालू नका. अंधारात गाडीवाल्याला दिसावं म्हणून तिथली माणसं अंगावर चमकणारी पट्टी लावतात. फिनलंडमध्ये तर पायी चालणाऱ्याला तसा नियमच आहे. बूट एक नंबर मोठा घ्या, म्हणजे जाड मोजा मावतो आणि बोटांत रक्त खेळतं. औषधं हातातल्या पिशवीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. तातडीच्या मदतीचा क्रमांक युरोपभर ११२ आहे.

मुलांकडे उतरणार असाल तर

ही बाब नाजूक आहे, पण बोलली पाहिजे. मुलगा-सून तिकडे नोकरी करतात, दोन खोल्यांच्या घरात राहतात, आणि सुट्ट्या मोजून मिळतात. तुम्ही येणार याचा त्यांना आनंदच असतो. पण ‘येताना मावशी-काकांनाही घेऊन येतो’ हे ऐकून त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि मग दोन महिन्यांची ओढाताण सुरू होते. आधी स्पष्ट विचारा, किती दिवस सोयीचे आहेत, कुठल्या तारखा चालतील. उत्तरेकडच्या मुक्कामाचा खर्च तुम्ही करा, किंवा निम्मा तरी करा. त्यांना कामाच्या दिवशी सुट्टी घ्यायला लावू नका. बस नि ट्राम वापरायला पहिल्या दोन दिवसांत शिकून घ्या. ते अवघड नाही. तिथे घरात शिरताना बूट बाहेर काढतात, बसमध्ये हळू बोलतात, रांग मोडत नाहीत. उत्तरेकडे लॅपलंडात तिथले मूळ रहिवासी सामी लोक भेटतील. रेनडिअर पाळणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे, तेव्हा फोटो विचारून काढा आणि त्यांच्या पोशाखाची थट्टा करू नका.

आधी पेंचला जाऊन या

तीन वर्षं पैसे साठवायचे, तोवर काय करायचं? घराजवळचं काळं आकाश पाहा. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग त्याच जंगलाला लागून जातो. सिल्लारीसारख्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली उजेड टाकणारे बसवले, म्हणजे वरचं आकाश काळं राहावं. अमावस्येच्या आसपास, जानेवारीच्या थंडीत, शाल पांघरून दोन तास तिथे मान वर करून बसा. हा ध्रुवीय प्रकाश नव्हे, पण काळोखात तासन्‌तास वाट पाहणं तुम्हाला आवडतं की नाही, ते एका रात्रीत आणि थोड्या पैशांत कळेल. आवडलं नाही, अर्ध्या तासात कंटाळा आला, तर ट्रोम्सोलाही तेच होणार. मग बिनधास्त दुसरी सहल निवडा. शेजाऱ्याने फोटो टाकला म्हणून उणे दहात कुडकुडत उभं राहण्याची सक्ती कुणावर नाही.

आणि आवडलं, तर मग कंपनीकडे जा आणि पैसे भरण्याआधी हे सहा प्रश्न विचारा. उत्तरं कागदावर घ्या.

ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात प्रत्यक्ष किती रात्री मुक्काम आहे?

ढगांमुळे बसफेरी रद्द झाली तर दुसरी फेरी मिळेल का, की पैसे परत?

जाड पोशाख आणि बूट किमतीत धरले आहेत का?

व्हिसा नाकारला तर किती रक्कम कापणार?

कोणती जेवणं धरलेली आहेत आणि कोणती आपल्या खिशातून?

दिल्ली-मुंबईपर्यंतच्या प्रवासात उशीर झाला तर जबाबदारी कुणाची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाचपेक्षा कमी असेल, तर पत्रक परत करा आणि सरळ सांगा की आम्हाला एकाच गावात राहायचं आहे. गिऱ्हाइकं मागतील तशा सहली कंपन्या आखतात. चार देश मागणारे आपणच आहोत, म्हणून चार देश विकले जातात. जबलपूर, नागपूर, पुणे, कुठलाही मराठी प्रवासी असो, ‘उत्तरेत रात्री किती?’ हा प्रश्न पन्नास जणांनी विचारला तर पुढच्या वर्षीचं पत्रक बदललेलं दिसेल.

तर या रविवारी घरात सगळे एकत्र बसा. सहलीला किती लागतील ते लिहा, त्याला छत्तीसने भागा, आणि येईल तेवढ्या रकमेची आवर्ती ठेव सोमवारी उघडा. महिन्याला तेवढे टाकणं जमलं, तर सहल तुम्हाला परवडणारी आहे, निश्चिंत मनाने जा. सहा महिन्यांत ओढाताण व्हायला लागली, तर कर्जाचा हप्ता भरताना तुमचं काय झालं असतं, ते वेळेवर कळलं असं समजा. ठेव मोडू नका. बँकेत सोय असेल तर रक्कम निम्मी करा, तारीख दोन वर्षं पुढे ढकला, आणि तोवर पेंचची फेरी चुकवू नका.